प्रश्न अकरावा

"तुमचा मालक कोण?"
पुढे एकच चौकट, बोटभर.
तेजल गायधनी पेन टेकवते, उचलते.
पाथर्डी फाटा, रात्रीचे साडेनऊ.
तिची शिफ्ट आता लागेल, तिकडे सकाळ आहे.

"पगार मुंबई नाक्यावरचा एक गाळा करतो.
गाळ्याला काम पुण्याहून, पुण्याला बंगळूरहून.
गळ्यातल्या कार्डावर ज्यांचं नाव आहे
त्यांनी वाढदिवसाला मेल धाडला,
माझं नाव चुकवून."

मी नुसतं लिहून घेतो.
तिकडे तासाचे बावीसशे लावतात म्हणे,
हिच्या हातात एकशे नव्वद.
मधलं कुठं झिरपतं
ते कुणाच्या तरी अहवालात
तिसरं प्रकरण होईल.

"पप्पांचं सातपूरला लेथ होतं.
मोठ्या कंपनीचे बुश, जॉबवर्कवर.
तपासनीस यायचा, व्हर्नियर लावायचा,
केसभर फरक, की अख्खा ट्रे परत.
पैसे नव्वद दिवसांनी.
पण भांडायला
माणूस दारात यायचा हो.
चहा पिऊन जायचा."

मग एकदम,
"तुम्हाला एका फॉर्मचे किती?"
साठ.
"देतं कोण?"

मी पिशवीत कागद चाचपतो.
एजन्सीचं नाव आहे,
पत्ता नाही.

कॅबचा हॉर्न.
फॉर्म माझ्या हातात कोंबून ती पळते.

खांबाखालच्या उजेडात बघतो,
अकराव्या चौकटीत बारीक अक्षर:
लागू नाही.

असा फॉर्म पूर्ण धरतात का,
विचारलं पाहिजे
कुणाला तरी.