टपावर थाप

बोट गेली तेव्हा मी धक्क्यावरच उभी होते.
गटातल्या टिपणीसबाईंनी आठव्या मजल्यावरून हात केला,
मग हात कुठला आणि कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल कुठला
कळेना.

बोट वळली आणि गाव बसलं.
म्हणजे खरोखरच बसलं.
टोपल्यावालीने पाय पसरले, टॅक्सीवाल्यांनी पत्ते काढले,
ढोल वाजवणाऱ्या पोराने हसू उतरवून
टोपीबरोबर खुंटीला लावलं.
सकाळी दहा डॉलरची असलेली मसाल्याची माळ
मला कुणी दाखवलीसुद्धा नाही.

ग्वाव्हला जाणारी व्हॅन. सोळा माणसं, मासळीचं एक पिंप,
माझी चाकांची बॅग कुणाच्या तरी मांडीवर.
उतरायचं तर टपावर थाप मारायची,
एवढं किमरॉन कंडक्टरने सांगितलं.
कुठे, ते नाही.
लोक न बघता मारत होते,
अंधारात आपल्याच दाराची कडी सापडावी तशी.

एका वळणावर डोकं आपटू नये म्हणून मी हात वर नेला
आणि गाडी थांबली.
"चुकून" म्हणायचं धैर्य
साठाव्या वर्षीही नव्हतं.
उतरले.

खांबांवर उभं पत्र्याचं घर.
पायरीवर व्हर्लिन अलेक्सिस जायफळं सोलत होती.
"कुठली बोट?"
"गेली."
"मग बस की."

जायफळाशी माझी ओळख जन्माची:
सहाणेवर चार वेढे, बाळ झोपेल एवढं,
श्रीखंडात चिमूट,
आणि डब्याच्या तळाशी सासूबाईंच्या वेळचं एक, सुरकुतलेलं,
जे संपतच नाही.
पण त्याच्या अंगावर अशी लालभडक, ओली जाळी असते,
नुकत्याच जन्मलेल्या कशाच्याही अंगावर असावी तशी,
हे कुणी बोललंच नव्हतं.

"वादळात सगळी झाडं गेली. ही नंतरची.
सात वर्षं नुसती पानं.
सात वर्षांनी कळतं, निम्मे नर निघाले."
"मग?"
"मग काय. उभे आहेत."
आणि अशी हसली की मांडीवरचं सूप सांडलं.
आम्ही दोघी अंगणभर जायफळं शोधत फिरलो,
कोंबड्यांच्या आधी.

जायपत्री सोडवताना माझं नख तुटलं.
खिशात केबिनचं कार्ड होतं, ८११४,
आता जगातलं कुठलंच दार न उघडणारं.
त्याची कड जाळीखाली अचूक बसते.
ती बघत राहिली, मग हात पुढे केला, करून पाहिलं,
आणि एप्रनच्या खिशात टाकलं.
मागितलं असं नाही. दिलं असंही नाही.

अंधार पडताना बोट दिसली, लांब, सगळे दिवे लावून.
"किती माणसं मावतात?"
"तीन हजार."
"आणि जेवायला?"
"सारखं."
तिने थोडा विचार केला.
"जायफळ घालतात?"
"रमच्या ग्लासावर. किसून."
"इथलं?"
ते मला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीचं विचारलं,
थांबा कुठे, वेळ काय, थाप कोण मारणार.
म्हणाली, रस्त्यावर उभी राहा.
दिसशील.