सीट एकच

चोवीस वर्षं मी सहा सीटर चालवली,
देवगड ते जामसंडे, जामसंडे ते तळेबाजार,
आणि सहा सीटरमध्ये सहाच माणसं
मी एकदाच बसवली : पुढे आरटीओ उभा होता.

एरवी चौदा. माझ्या सीटवरच दोघं, अर्धे अर्धे,
एक उजवीकडे बाहेर लोंबता,
शिवाय बांगड्याची पाटी, सोललेले नारळ,
एकदा तर कुणाची गाभण शेळी.
"सरका जरा, अजून एक बसतो,"
हे मी झोपेतही बोलतो म्हणे.

त्रेपन्नाव्या वर्षी इब्राहीम मुकादमने
गॅरेजमागची ताडपत्री ओढली. म्हणाला, बघ.
पाइपांचा सांगाडा. पाठीला आठशेचं जुनं इंजिन.
चाकं चारी उघडी, कुर्लीच्या पायांसारखी अंगाबाहेर.
मी पहिलं विचारलं ते हे,
की मागची माणसं बसतात कुठे?
"माणसं? एकच. तेही शिरलं तर."

तर आम्ही नऊ जण, गाड्या पाच.
दोघांत एक, वर्गणी महिना दोन हजार,
टायर भंगारातले, नंबर ऑइलपेंटचे.
इंजिनं सगळी सारखी :
रिटायर पोस्टमास्तर करंगुटकर तार ओवून
प्रत्येकाला शिशाचं सील दाबतात,
टपालाच्या थैलीला दाबायचे तसं.
सील तुटलं की बाद.
वेग इथे पैशाने मिळत नाही.
वजन उतरवलं तर थोडा मिळतो.
बर्फ फॅक्टरीच्या काट्यावर मी चढलो : ब्याण्णव.
काटेवाला म्हणाला, लादी दीड.

बायको म्हणाली, "ह्या वयात खूळ लागला काय?"
आणि शिवणयंत्रावर बसून
हेल्मेटच्या आतलं फाटकं अस्तर शिवून दिलं,
रागारागाने, दुहेरी टाक्याने.

डिसेंबरातला सडा. गवत पिवळं,
खाली काळा कातळ, हात टेकवत नाही इतका तापलेला.
वळणांवर आंब्याचे रिकामे क्रेट,
डॉक्टर बाईंची जीप झाडाखाली.
सुरुवातीला गाऱ्हाणं झालं :
बा म्हाराजा, लेकरां आडवाटेक लागली हत,
तरी तूच सांभाळ. व्हय म्हाराजा!
लेकरांतलं सर्वात लहान सेहेचाळीसचं होतं.

जमिनीपासून चार बोटांवर ढुंगण,
खडा न खडा मणक्यात मोजला जातो.
चष्म्यावर घाम. कानात माझाच श्वास.
मागून कोणी म्हणत नाही, हळू रे बाबा,
कोणी सुट्टे मागत नाही.
आरशात रिकामा सडा आणि धूळ
बघून मला एकदम भीती वाटली,
वेगाची नव्हे.

तिसऱ्या फेरीत मी चौथा होतो. खरंच होतो.
मग वळणावरच्या झेंडेवाल्या पोराने, तांडेलांच्या भार्गवने,
उन्हासाठी कपाळावर हात धरला
आणि माझा पाय ब्रेकवर गेला.
हात दिसला की थांबायचं,
चोवीस वर्षांचा पाय तो, त्याला कोण शिकवणार.
गाडी त्याच्यासमोर नीट बाजूला घेतली.
पोरगं बघतच राहिलं. चौघे निघून गेले.
संध्याकाळी इब्राहीमने मला
भाडं किती झालं ते विचारलं, सगळ्यांसमोर.

तरी मी जातो, महिन्यातून एक रविवार.
सरळ पट्टा संपतो तिथे पुढे फक्त समुद्र दिसतो,
आणि आधी एक खुरटी काजू.
पहिल्या दिवशी मी काजूच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक मारला.
मग काजूपाशी.
आता काजू मागे जाते, मी आकडे मोजतो, एक, दी...
घरी दारी, दवाखान्यात, सगळे सांगतात
आता ब्रेक आधी मारायचा.
ही एक जागा, जिथे मला तो उशिरा मारायचाय.
'दोन' अजून पुरता म्हणून झालेला नाही.

सोमवारी सकाळी सात, जामसंडे नाका.
मांडीला मांडी, तेरा जण,
सगळ्यांचा घाम एक, डिझेलचा वास एक.
कुणीतरी बाई पाटी घेऊन हात करते.
"जागा आसा काय रे?"
आसा.
सरका जरा.