चार जीबीच्या आत

कुताईसीत, रात्री दीड वाजता
नुगझार पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला बसलाय.
ईएक्सटी-फोर फक्त त्याच्या लॅपटॉपला कळतं,
एक्सफॅट बहुतेकांना,
पण ओपेलमधल्या टेपला फॅट-थर्टीटूच लागतं.
आणि ओपेल म्हणजे आई:
दवाखान्यात जाता-येता तेवढंच ऐकते ती.

बाकीची गाणी निमूट मावली.
अडली ती लग्नातली एकच फाइल,
सात तासांची,
बापाचा खर्ज तिच्यात एकसंध.
चार जीबीवर एक बाइटही घेत नाही हे.

कापायची तर कुठे?
तो हेडफोन दाबून शोधत राहतो.
तिसऱ्या तासाला कुणीतरी वाइन ओततंय,
गाणारे दम घेतायत.

तिथे.

सकाळी पुलावर आईने टेपकडे पाहिलं.
"इथं खोकले होते ते.
काढलंस?"