भोपळा

बोरस्ते बाईंनी नाटकातली पात्रं वाटली
तेव्हा मी खिडकीशी तांदूळ निवडत होते.
गाजर अल्फियाला. टोमॅटो थेट्यांच्या पोराला,
गिरणाऱ्यात टोमॅटोला काय तोटा.
वेफर्सचं पाकीट व्हायला मात्र नऊ हात वर,
खलनायकाला चमकीचा कागद असतो ना!
उरला भोपळा.
वर्ग हसला, आणि माना वळल्या मागच्या बाकाकडे,
जिथे लहानू भोये बसतो,
गणिताच्या पेपरात दर खेपेला
त्याला तोच मिळतो.

अकरा वर्षं मी या शाळेत पोषण आहार शिजवते.
पोरांच्या वह्या मला वाचता येत नाहीत, ताटं येतात.
कोण कढीपत्ता काठाला लावतं,
कोण मटकी मोजून खातं,
कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही.
बुधवारी भोपळ्याची भाजी असते.
लहानू फोडी खिशात घालतो
आणि पाण्याच्या टाकीमागे
लंगड्या कुत्रीला वाढतो.
मला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.

त्याला वाक्य एकच होतं:
“मी भोपळा, माझ्यात भरपूर जीवनसत्त्व.”
‘जीवनसत्त्व’शी आला की जीभ अडायची,
गाडी चिखलात रुतावी तशी.
बाई म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा. अरे, पुन्हा.
खरं सांगू, तो शब्द मलाही येत नाही.
मी नुसता गुळाचा खडा टाकते.

मग एक दिवस तो स्वयंपाकखोलीच्या दारात.
“ताई, चिंचोके आहेत?”
“कशाला रे?”
“खळ करायची.”
दुसऱ्या दिवशी मूठभर मेथ्या. तिसऱ्या दिवशी हळद.
हरसूलकडच्या पाड्यावर त्याचा आजा
बोहाड्यात सोंग घेतो,
रात्रभर, मशालींच्या उजेडात.
पोर इथे आई-बापामागे द्राक्षबागेत आलेलं,
हात मात्र तिकडचेच घेऊन आलेलं.
जुन्या प्रश्नपत्रिका भिजवून त्याने लगदा केला.
त्यात त्याचे स्वतःचे भोपळेही असणार,
लाल शाईचे.

स्नेहसंमेलनाला थंडी अशी
की पाहुण्यांचं भाषणही लवकर आटपलं.
गाजर बोललं. टोमॅटो बोलला, जरा जास्तच.
मग लहानू आला,
खांद्याएवढा रुंद पिवळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं,
तोंडाला भोकच नाही.
बाई पडद्यामागून कुजबुजल्या: जीवन... जीवन...
तो गप्प.
एक गुडघा वाकवला,
अंग डावीकडे टाकलं, सावकाश,
जसं ओझं घेऊन कोणी चढ चढतं,
आणि पाय आपटला.
सांबळ नव्हता.
माझ्यासमोर दीडशे पोरांचं पातेलं होतं, घासून पालथं घातलेलं.
पळी हातात कधी आली, विचारू नका.

मागे, कुंपणापाशी, बागेतून थेट आलेली माणसं,
कमरेला विरळणीच्या कात्र्या.
त्यांतल्या एकीने डोक्यावर पदर घेतला
आणि हात जोडले.
भोपळ्याला.
ती त्याची आई, हे मला नंतर कळलं.
पाहुण्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं,
“हा कुठल्या भाजीचा नाच?”

पहिलं बक्षीस वेफर्सच्या पाकिटाला गेलं.
जाऊ द्या. पोरगी चांगली नाचली होती,
आणि चमकीवर दिवे छान पडतात.

बुधवार आला. रांग आली.
लहानूच्या कानामागे अजून हळद.
ताट पुढे केलं. खिसा शिवलेला दिसला,
आईने शिवला की त्याने, देव जाणे.
मी म्हटलं, “आज काय वाढू बाबा?
स्वतःलाच कसा खाशील?”
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मला साधी बेरीज येत नाही.
“मुखवटा घरी खुंटीला आहे, ताई.
इथे मी लहानू.
वाढ.”