मोहोरावर घेतलेली बाग

तुर्भ्याच्या फळबाजारात मी पट्ट्या लिहितो,
खलफे शेटच्या गाळ्यावर, एकोणीस वर्षं.
भाव पडतो म्हणजे काय, ते मला नाकाने कळतं:
सकाळी हजाराची पेटी, दुपारी सहाशेची,
संध्याकाळी जो उचलेल त्याची,
आणि रात्री गाईंची.

म्हणून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पटलंच नाही.
नव्वद टक्के सूट
आणि माल जसाच्या तसा.
डाग नाही, माशी नाही.
बाराशे नव्व्याण्णवचा गेम एकशे एकोणतीसला.
स्क्रीन हुंगून बघायची तेवढी बाकी ठेवली मी.

रात्री साडेदहाला सेल उघडतो.
कोपरखैरण्याच्या एका खोलीत
मृदुला झोपलेली, पंखा तीनवर,
मी चष्मा कपाळावर सरकवून बसतो, शेटसारखा.
एक घेतला. पाच घेतले तर आणखी स्वस्त.
चारशे बारा झालेत आता.
खेळलो असेन तीस.
बाकीचे आढीत घातलेत, मी म्हणतो.
आढीतला आंबा निदान पिकतो, ती म्हणते.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

शेट दर जानेवारीत देवगडला जातात,
मोहोर बघून बाग घेतात.
झाडावर एक कैरी नसते.
फांदी वाकवतात, वर बघतात, आकडा बोलतात,
उचल मोजून देतात.
पुढे तुडतुडा आहे, ढगाळ हवा आहे.
"मालाला पैसे कोणीही देतो,
मोहोराला द्यायला छाती लागते."

त्या वर्षी माझीही जरा फुगली.
उडुपीची दोन पोरं, श्रीश आणि प्रज्वल,
दीड मिनिटाचा व्हिडिओ:
खाडी, एक तर, पलीकडे हरवलेलं गाव.
वर्गणी मागत होती,
गणपतीची पहिल्यांदाच मागायला निघालेली मुलं मागतात तशी,
पावतीपुस्तक पाठीमागे धरून.
मी अडीच हजार दिले.
बोनसचे. मृदुलाने शेगडी सांगितली होती.

दोन वर्षांनी अर्धा गेम आला.
अर्ली ॲक्सेस म्हणे.
पाणी झालं होतं. काय पाणी!
वल्ह्याचा आवाज असा की
वाशीच्या खाडीतला कोळी मागे वळून बघेल.
पैलतीर नव्हता.
एका जागी होडी आपोआप थांबायची
आणि धुक्यात अक्षरं उमटायची: काम चालू आहे.

मग पत्रं. आधी दर महिन्याला,
मग सणासुदीला,
मग प्रज्वलला बंगळुरूत नोकरी लागल्याचं,
मग नऊ महिने काहीच नाही.
लोक चिडले. चोर म्हणाले, पैसे परत म्हणाले.
मीही लिहायला घेतलं, इंग्रजीत,
दुसऱ्या वाक्याला अडलो.
शेटच्या वहीत एक रकाना आहे: हवामान.
बुडालेली बाग तिथे लिहायची,
समोर रक्कम, माणसाचं नाव नाही.
ती वही मीच लिहितो.

गेल्या मंगळवारी, पहाटे अडीचला,
अकरा एमबीचा अपडेट आला. सोबत एक ओळ:
पैलतीरावर दिवा लावलाय. अजून जाता येत नाही.
खाली एकट्या श्रीशचं नाव.

होडी काढली. थांबायची तिथे थांबली.
लांबवर एक पिवळा ठिपका,
देठापाशी आंबा पहिल्यांदा रंग धरतो तेवढा.
किती वेळ बघत होतो कोण जाणे,
फोन वाजला. शेट.
"गाडी पनवेल सोडून आली, ये."

लॅपटॉप तसाच ठेवून निघालो.
सहाला मृदुलाचा फोन:
"हे काय चालू ठेवलंयस? हलत पण नाही."
"राहू दे," म्हटलं,
"पेट्या उतरतायत."