डोळे आले नाहीत

तीन आठवडे बिराप्पा लवटे वेगळ्या ताटात जेवत होता.
सांगलीच्या मार्केट यार्डात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं:
डोळे आलेत. नाहीतर हळद गेली.
इथं हळद कशात जात नाही?
नोटांत, नखांत, चहाच्या कानात,
माझ्या दवाखान्याच्या पायपुसण्यातसुद्धा.

मेडिकलवाल्यानं थेंब दिले, मग दुसरे थेंब,
शेजारणीनं बाळंतिणीचं दूध.
मीही पेन उघडलं होतं, खरं सांगायचं तर.
बाहेर सतरा माणसं, आणि एक वाजता लाइट जाणार.

"सकाळी पापण्या चिकटतात?"
"न्हाई."
"घाण येते?"
"न्हाई वो. नुस्तं पाणी. आन् उजेड टोचतोय."
चांगल्या डोळ्यावर बॅटरी धरली
तर झाकलेला कळवळला.
पेनाला टोपण लावलं.

लाली पापणीच्या आत नव्हती,
बुबुळाभोवती कडं करून बसली होती, जांभळट.
स्लिट लॅम्पची फट बारीक केली.
आतल्या पाण्यात कण तरंगत होते,
गोदामाच्या पत्र्याला भोक असतं, ऊन उतरतं
आणि त्यात हळद उडत राहते, तसे.
फक्त हे पांढरे होते.
बाहेरून आलेले नव्हते. त्याचेच होते.

बाहुली उघडायचे थेंब घातले.
ती गोल उघडली नाही;
चार जागी मागं चिकटलेली,
उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी.

"पाठ दुखते?"
तो पहिल्यांदा हसला.
"पोती उचलणाऱ्याला इचारताय व्हय?"
"पण कधी?"
"निजल्यावर. पहाटं पार लाकूड हुतं.
धा-वीस पोती टाकली की सुटती."

ओझ्यानं धरलेली पाठ
ओझ्यानं सुटत नाही, बिराप्पा.
सहा वर्षं तिनं हमालाच्या पाठीचं सोंग घेतलं,
कुणाला शंका आली नाही. कशी येणार?

रक्त लिहिलं, कमरेचा फोटो लिहिला,
मिरजेच्या सांध्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी.
थेंब तासातासाला.
निवळेल, म्हटलं. पुन्हा उठेलही.
तेव्हा मेडिकलात नाही, इथं यायचं.

दारातून तो परत आला.
"मंजी पोरीला घ्येतली तर तिला लागायचं न्हाई?"
नाही.
बाकावर बायको बसलेली, लेकीच्या डोळ्यांवर पदर धरून.
तो वाकायला गेला, वाकवेना,
मग गुडघ्यांवर बसला.

पुढची बाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाली,
डोळे आलेत.
म्हटलं, बघू.