मीडियम

तिरुपूरच्या ठेकेदारानं नको म्हणून सोडलेलं काम
मिरजेत आमच्याकडं आलं.
आठ जॅकेटं, आठ पँटी, निळ्यावर पिवळी पट्टी.
आठच.
शाळेच्या गणवेशाचे तीनशे नग मशीनवर असताना
आठ नग कोण घेतं?
दस्तगीर मास्तर म्हणाले, घेऊ.
तीनशेत चूक लपते. आठात लपत नाही.

देशाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
मास्तरांच्या नातीनं फोनवर नकाशा मोठा केला,
आणखी मोठा केला,
दोन बोटांनी समुद्र ताणत गेली,
तेव्हा कुठं एक ठिपका वर आला,
तांदळातल्या खड्यासारखा.
माणसं किती? तर आपलं बेडग नि आरग मिळून होतील तेवढी.
म्हणजे हे आठजण निघताना
सगळ्या देशाला तोंडओळखीचे असणार.
एखाद्याची उधारीसुद्धा राहिली असेल दुकानात.

मापांचा कागद मी मशीनसमोर चिकटवला.
चेहरे नव्हते, आकडे होते.
छाती चव्वेचाळीस, उंची पाच फूट एक:
ही वजन उचलणारी.
खांदे वीस, कंबर तीस: हा पोहणारा.
एकीची उजवी बाही डावीपेक्षा पाऊण इंच लांब लिहिलेली.
मला वाटलं, लिहिताना चुकलं.
मास्तर म्हणाले, भाला फेकत असेल. आहे तसं शिव.
मी आहे तसं शिवलं
आणि त्या उजव्या हाताची नि माझी ओळख झाली.

आठव्याच्या नावापुढं एकच शब्द: मीडियम.
आठशे मीटर पळणारा. ऐनवेळी निवडला म्हणे.
मास्तर भडकले.
चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या,
लठ्ठ आला, किडकिडीत आला, कुबड असलेला आला,
मीडियम नावाचा माणूस अजून दारात आला नाही!
मेल धाडला. उत्तर नाही.
तिकडं रात्र असावी,
नाहीतर ऑफिसातला एकुलता एक माणूस
मासे धरायला गेला असावा.

शेवटी मी मुबीनला उभा केला.
माझा भाचा. भरतीसाठी पहाटे म्हैसाळ रोडला पळतो,
सोळाशे मीटर.
दोनदा हुकलाय. एकदा चार सेकंदांनी, एकदा दीड.
हात वर कर. श्वास सोड. पोट आत ओढू नको.
छत्तीस. बाही चोवीस.
खिशाला आतून एक जादा टीप मारली.
मुबीनच्या खिशाला मारते तशी,
हात गेला म्हणून.

पार्सल गेलं.
पैसे दोन महिन्यांनी आले, थोडे कापून.

उद्घाटनाच्या रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
त्यांची पाळी आली आणि नेमकी जाहिरात लागली.
गाडी, मग टूथपेस्ट, मग परत तीच गाडी.
ती संपली तेव्हा ते अर्धं मैदान ओलांडून गेले होते.
मिळाले अकरा सेकंद.
चव्वेचाळीस हसत होती, झेंडा तिच्याच हातात.
भालेवालीच्या दोन्ही बाह्या
दोन्ही मनगटांवर बरोबर टेकलेल्या.
जगात कुणाला दिसलं नसेल.
आणि सगळ्यांच्या मागं, कडेला,
मिशी न फुटलेलं बारकं पोर,
मुबीनच्या बाह्या दोनदा दुमडून,
हात खिशात घालून चाललेलं.

मग मोठा देश आला, सहाशे माणसांचा,
तो संपता संपेना.
मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
बाही दोन इंच जास्त धरलीस.

त्याची शर्यत काही टीव्हीवर दाखवली नाही.
नातीनं कुठूनतरी शोधून काढलं:
आठात सातवा.
एकजण पडला होता.
मी मशीनवर होते, गणवेशाच्या कॉलरी उलटवत.
मुबीननं विचारलं, टाइम?
तिनं सांगितला.
तो दारातच बसला, पायात एक बूट, दुसरा हातात,
ओठ हलवत काहीतरी मोजत राहिला.
दुप्पट करत असावा.